पीक हातचे गेल्यावर बायबल कुठे उघडावे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे विदर्भाच्या खेड्यांतून आली असून तिन्हींचा रोख एकच आहे: संकट ओसरत नसताना रोजचे बायबलवाचन कसे चालू ठेवावे आणि त्यात देवाला कसे शोधावे. पहिले पत्र संक्षेपाने देत आहे. लिहिणाऱ्या भगिनीची ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील गाळले आहेत.

प्रश्न: पाळकसाहेब, प्रभूमध्ये सलाम. यवतमाळ जिल्ह्यात आमची चार एकर कोरडवाहू जमीन आहे. यंदा पऱ्हाटीत (कपाशीत) तूर लावली होती. पावसाने ताण दिल्यामुळे दुबार पेरणी करावी लागली आणि पुढे बोंडअळी आली. पहिल्या वेच्याला थोडा बरा कापूस निघाला, त्यानंतर सगळी कवडीच (किडका कापूस). सोसायटीचे कर्ज आहेच. शिवाय दुसऱ्या पेरणीच्या बियाण्यासाठी एका माणसाकडून व्याजाने पैसे घेतले आणि त्याने कोऱ्या स्टॅम्पपेपरवर यजमानांची सही घेऊन ठेवली आहे. वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत मला वचनाची चिठ्ठी मिळाली होती. तिच्यावर यिर्मया 29:11 होते, की देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत. ती चिठ्ठी बायबलात ठेवून मी रोज चूल पेटवण्याआधी वाचते; पण आता अक्षरे नुसती डोळ्यांपुढून जातात. प्रार्थनासभेतील एक बाई म्हणाल्या, तुमच्या घरात एखादे लपलेले पाप असेल, ते शोधा. देव आमच्यावर रागावला आहे काय? वाचन चालू ठेवावे तर काय वाचावे? यजमान आता उपासनेला येत नाहीत, रात्री झोपत नाहीत. परवा म्हणाले, "मी नसतो तं तुमचं बरं झालं असतं."

उत्तर: ताई, तुम्ही सर्वांत शेवटी लिहिलेले वाक्य मी सर्वांत आधी घेतो, कारण बाकीचे प्रश्न आठवडाभर थांबू शकतात, हा थांबू शकत नाही. यजमानांचे ते बोलणे वैतागातले आहे असे समजून सोडून देऊ नका. त्यांच्याजवळ बसून, आडवळण न घेता, जीव देण्याचा विचार मनात येतो काय असे विचारा. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळाल्याने माणसाचा भार बरेचदा हलका होतो. फवारणीची औषधे आजच घरातून आणि शेतातल्या कोठ्यातून हलवून दिराकडे किंवा विश्वासातल्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या, आणि काही दिवस त्यांना एकटे सोडू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. फोनवर थांबू नका. त्यांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. झोप लागण्यासाठी किंवा मन सावरण्यासाठी गोळी घ्यावी लागली तर ती अविश्वासाची खूण ठरत नाही.

हे मी बायबल बाजूला ठेवून सांगत नाही. 1 राजे 19 उघडा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून, आता पुरे, माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो. त्यावर देवाने काय केले ते ओळीओळीने पाहा. प्रवचन नाही, दटावणे नाही. एलीया झोपला, देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी होते, तो जेवला आणि पुन्हा झोपला, देवदूताने त्याला पुन्हा उठवून जेवायला लावले. "एलीया, तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर येतो. ज्याला मरावेसे वाटते त्याला देव आधी जेवू घालतो आणि झोपू देतो, हा क्रम आपल्या मंडळ्यांतील (चर्चमधील) पुष्कळ समुपदेशकांनी अजून शिकायचा आहे. तुमच्या पाळकांना घरी बोलवा. मात्र यजमान उपासनेला का येत नाहीत ही चौकशी त्यांनी या भेटीत करू नये, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवा.

आता कर्ज. सोसून घेणे म्हणजेच विश्वास, असे तुम्हाला कोणी शिकवले असेल तर नहेम्याचा पाचवा अध्याय वाचा. शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकून लोकांनी दुष्काळात धान्य घेतले होते, राजाचा कर भरायला कर्ज काढले होते, आणि वेळ अशी आली होती की मुले-मुली गुलामीत द्यावी लागत होती. सावकारही परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. ही ओरड ऐकून यहूदाचा सुभेदार नहेम्या संतापला, त्याने मनाशी विचार केला, मोठी सभा भरवली आणि शेते, मळे, घरे व घेतलेले व्याज आजच्या आज परत करा असे त्या सावकारांना तोंडावर सांगितले. त्या लोकांच्या ओरडण्याला पवित्र शास्त्राने कुरकुर म्हटलेले नाही. आपल्याकडे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे त्याखाली गुन्हा आहे आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात, करता येते. कोऱ्या कागदावरच्या सहीची गोष्ट तक्रारीत स्पष्ट लिहा, अर्जाची पोच घ्या आणि एकट्या जाऊ नका. मंडळीतला लिहितावाचता, धीट माणूस सोबत न्या.

त्या प्रार्थनासभेतल्या बाईंविषयी मला जरा कडकच लिहावे लागेल. पाप आणि दुष्काळ यांचा संबंध बायबलात मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात आणि हाग्गयच्या पहिल्या अध्यायात तो सरळ सांगितला आहे. पण तिथे संदेष्टा सबंध राष्ट्राशी बोलतो, एका घराकडे बोट करून बोलत नाही. एका माणसाच्या हानीवरून त्याचे पाप ओळखण्याचा उद्योग ईयोबाच्या मित्रांनी केला. त्यांची भाषणे अध्यायामागून अध्याय चालतात, ऐकायला मोठी भक्तीची वाटतात, आणि पुस्तकाच्या शेवटी, 42:7 मध्ये, देव त्यांच्यावरच संतापून म्हणतो की माझा सेवक ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने लूक 13 मध्ये सांगितले, आणि लगेच ऐकणाऱ्या सगळ्यांनाच पश्चात्ताप करायला लावला. योहान 9 मध्ये जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी, पाप कोणाचे, हाच प्रश्न विचारला आणि त्यांना हेच उत्तर मिळाले. तुमच्या शिवारात गुलाबी बोंडअळी आली ती सगळ्यांच्याच पऱ्हाटीवर आली असेल. 2017 च्या हंगामात तिने जवळजवळ सबंध कापूसपट्टा झोडपला होता. बीटी वाणाला ती आता दाद देत नाही आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात ठेवलेली पऱ्हाटी, उभी राहिली की तिचे जीवनचक्र तुटत नाही, हे कृषी विभाग दरवर्षी सांगत असतो. अळीचे कारण शोधायचेच असेल तर शिवारातल्या फरदडीत शोधावे, तुमच्या घरात लपलेल्या पापात नव्हे. आपले पाप देवापुढे कबूल करणे हे रोजचे काम आहे, ते चांगल्या पिकाच्या वर्षीही करावे लागते. त्यासाठी बोंड किडण्याची वाट पाहू नये आणि बोंड किडले म्हणून स्वतःवर खटलाही भरू नये.

राहिली ती चिठ्ठी. वचनांच्या पेटीतून किंवा वर्षअखेरच्या उपासनेत चिठ्ठी काढण्याची प्रथा आपल्या मंडळ्यांत प्रेमाने चालत आली आहे आणि तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण चिठ्ठीवर एक ओळ मावते आणि त्या ओळीच्या मागचे-पुढचे सगळे बाहेर राहते, एवढी तिची मर्यादा ओळखून असावे. यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय हे एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये ज्यांना धरून बाबेलला नेले त्या लोकांना ते यरुशलेमेहून पाठवलेले आहे. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा माणूस, दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल, असे देवाच्या नावाने सांगतो आणि ते ऐकायला सर्वांना आवडते. यिर्मया लिहितो की सत्तर वर्षे लागतील. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हिताच्या संकल्पांचे तुमचे वचन या सत्तर वर्षांच्या लगेच पुढच्या ओळीत आहे. ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांनी परत जाण्याचा दिवस पाहिला नसणार. म्हणून वचन खोटे पडले असे होत नाही. ते पुढल्या खरिपापुरते दिलेले नव्हते, एवढेच. त्यापुढे तेराव्या ओळीत म्हटले आहे की पूर्ण मनाने मला शोधाल तेव्हा मी तुम्हाला सापडेन. हे शोधणे संकट संपल्यावरचे आभारप्रदर्शन नव्हे. परक्या मुलखात, नकोशा घरात राहून, मळ्याला पाणी देता देता करायचे ते काम आहे. ती चिठ्ठी फेकू नका. तिच्या पाठीमागे पेनाने "29:1 ते 14" असे लिहा आणि यापुढे तेवढे सगळे वाचत जा.

तुम्ही विचारता, वाचावे काय. बायबल एका वर्षात संपवण्याचा तक्ता घरात लावला असेल तर तूर्त तो काढून ठेवा. आपल्या बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला तीनहून अधिक. वेचणीच्या दिवसांत उन्हे वर येण्याआधी शेत गाठणाऱ्या बाईला ते झेपत नाही, मग मागे पडल्याची टोचणी लागते आणि एके दिवशी पुस्तकच मिटते. तुम्ही रोज एकच स्तोत्र घ्या, तेही मोठ्याने वाचा, कारण डोळ्यांपुढून निसटणारी अक्षरे जिभेवर आली की जराशी अडतात. एका दिवसाला एक याप्रमाणे दीडशे स्तोत्रे पाच महिन्यांत होतात. 119 वे मात्र 176 ओव्यांचे आहे, ते तुकड्यातुकड्यांनी घ्यावे.

पहिल्या आठवड्यासाठी मी तीन स्तोत्रे सुचवतो. तेरावे घ्या, त्यात सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोन ओव्यांतच दावीद चार वेळा देवाला विचारतो की हे कुठवर चालायचे. हा प्रश्न देवाला विचारण्याची मुभा आहे हे ज्या घरात कोणी सांगत नाही, तिथे माणसे शेवटी देवाशी बोलणेच सोडतात. तुमच्या यजमानांचेही तसेच झाले असावे अशी मला शंका आहे. अठ्ठ्याऐंशीवे घ्या. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, पण हे वळत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते उपासनेच्या पुस्तकात राहिले, कोणी त्याला गोड शेवट जोडला नाही. तुमची प्रार्थना एखाद्या दिवशी अशीच अर्धवट आणि कडवट संपली तर ती देवाने ऐकली नाही असे समजू नका.

तिसरे 126 वे. जे अश्रू ढाळत पेरतात ते हर्षाने कापणी करतील, हे आपण मयतीच्या घरी म्हणतो, पण ते मुळात शेतावरचे आहे. पेरताना माणूस का रडेल, हे शहरातल्या वाचकाला समजावून सांगावे लागते, तुम्हाला नाही. पहिली पेरणी मोडून पडली आहे, तिचे पैसे गेले आहेत, दुसरी बॅग उधारीवर उचलली आहे, आभाळात ढग आहेत पण ते कालही होते, आणि सरीवर बसून टोब टोबताना एकेक सरकी त्याच मातीत पुन्हा टाकायची आहे. स्तोत्रकर्त्याने त्या माणसाला रडणे थांबवून पेरायला सांगितलेले नाही आणि रडण्यासाठी पेरणी थांबवायलाही सांगितलेले नाही. तो बी घेऊन रडत रडत जातो. विश्वासाचे याहून खरे चित्र मला तरी पवित्र शास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसते, आणि तुम्ही ते जुलैत आपल्या हातांनी करून चुकला आहात.

ही स्तोत्रे झाली की हबक्कूकाचे पुस्तक घ्या. तीनच अध्यायांचे आहे, तीन सकाळींत होते. ते तक्रारीने सुरू होते: मी ओरडतो आहे आणि तू ऐकत नाहीस. देव उत्तर देतो, पण उत्तर दिलासा देणारे नाही; खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, चालून येणार आहेत, म्हणजे आहे त्याहून वाईट दिवस येणार आहेत. हबक्कूक चिडतो, पुन्हा विचारतो, आणि दुसऱ्या अध्यायात पहाऱ्याच्या जागी उभा राहून म्हणतो की आता तो मला काय सांगेल ते मी पाहतो. शोधणे म्हणतात ते हेच, ताई: उत्तर मनासारखे आले नाही तरी विचारण्याची जागा न सोडणे. शेवटच्या अध्यायातली नावनिशी तर पंचनाम्यासारखी आहे. अंजीर फुलले नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरे नाहीत, गोठ्यात गुरे नाहीत. त्यानंतर तो म्हणतो की तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पुढल्या वर्षी अंजीर फुलेल असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. तेव्हा पुढचा हंगाम चांगला जाईल असे मीही तुम्हाला लिहून देऊ शकत नाही. जो पाळक तसे लिहून देतो त्याच्यापासून सावध राहा.

यजमानांना वाचायला सांगू नका. ते चहा घेत असताना तुमचे त्या दिवसाचे स्तोत्र तुम्ही मोठ्याने वाचा आणि वाचून झाल्यावर काहीही बोलू नका. त्यांना ऐकायचे नसेल तर ते उठून जातील, जाऊ द्या. दवाखान्याची तारीख मात्र चुकवू देऊ नका.

प्रश्न: मी गडचिरोली जिल्ह्यातला एकवीस वर्षांचा तरुण आहे. यंदा धानावर तुडतुडा आला आणि हाती थोडेच लागले. कॉलेज सोडून मी आता मिळेल ते काम करतो. आईला दिलेल्या शब्दामुळे रोज सकाळी बायबल वाचतो, पण मनात काहीच होत नाही. भावना नसताना वाचणे म्हणजे ढोंग नव्हे काय?

उत्तर: नाही. जे नाही ते आहे असे दाखवणे म्हणजे ढोंग. तुम्ही तर काही वाटत नाही हे मला, एका अनोळखी माणसाला, स्वच्छ लिहून कळवले आहे. तेच देवाला सांगून वाचायला बसा. मार्क 9 मध्ये आजारी मुलाचा बाप प्रभूला म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका," आणि प्रभू त्याला आधी अविश्वास घालवून ये असे सांगत नाही. मुलाला बरे करतो.

निर्गम 16 ही वाचा. रानात इस्राएल लोकांसाठी देवाने दिलेला मान्ना (अन्न) पडे तो रोज सकाळी, ज्याच्या त्याच्या गरजेपुरता, आणि ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवला त्यांच्या भांड्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या (विसाव्याच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची परवानगी होती. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असेच आहे. मान्ना गोळा करताना प्रत्येक सकाळी त्या लोकांचे हृदय भरून येत असेल असे वाटत नाही; पुढे तर ते त्याच अन्नाला कंटाळलेले दिसतात. तरी त्या अन्नावर ते चाळीस वर्षे जगले. तुम्ही घरून निघताना भावना आली की नाही ते पाहून भाकर खात नाही.

एक व्यावहारिक सूचना. तुम्ही कुठले पुस्तक वाचता ते कळवलेले नाही, पण या वयात आणि या परिस्थितीत मी मार्काचे शुभवर्तमान घेईन. त्यात सोळा अध्याय आहेत, घटना वेगाने घडतात, आणि त्यात ज्याच्या त्याच्या प्रश्नाला प्रभू कसे सामोरे जातो ते दिसते. रोज एक प्रसंग वाचा आणि त्यातल्या कोणत्या माणसाच्या जागी आज मी आहे, एवढेच स्वतःला विचारा. कॉलेज सोडल्याची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकली आहे. तिच्याविषयी मला सविस्तर लिहा. मुक्त विद्यापीठातून पदवी पुरी करण्याचा मार्ग काम सांभाळूनही खुला असतो, आणि त्याविषयी आपण वेगळे बोलू.

प्रश्न: आमच्याकडे, वरुड भागात, आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारी) संत्री गळून गेली. मंडळीचा उपकारस्तुतीचा सण आता जवळ आला आहे. दरवर्षी आम्ही संत्र्याची टोपली आणि बऱ्यापैकी रक्कम नेतो. यंदा दोन्ही नाहीत. रिकाम्या हाताने जायची लाज वाटते. शिवाय मनात नसताना उपकार मानणे कितपत खरे?

उत्तर: आधी जाण्याविषयी. अनुवाद 16 मध्ये सणाला रिकाम्या हाताने येऊ नये असे जिथे म्हटले आहे, तिथेच पुढच्या ओळीत प्रत्येकाने देवाने दिले असेल त्या मानाने आणावे असेही आहे. आणि पौल 2 करिंथ 8:12 मध्ये, जवळ असेल त्या मानाने दिलेले मान्य होते, नसेल त्या मानाने नव्हे, असे लिहितो. गळीची संत्री न्यायची नसतील तर नेऊ नका. परसातली कोथिंबिरीची जुडी न्या, नसेल तर नुसते या. पण लाज तुम्हाला वाटावी हीच गोष्ट मला खटकते, आणि ती तुमच्यापेक्षा मंडळीच्या पंचांनी मनावर घ्यावी. टोपल्यांचा लिलाव आणि देणगीदारांची नावे रकमेसकट माइकवर वाचणे यांमुळे त्या दिवशी कोणाचे पीक आले आणि कोणाचे गेले याची जाहीर यादीच होते. लिलावाला माझा विरोध नाही. त्यात गंमत असते, एका भोपळ्यासाठी दोन काका हट्टाला पेटतात आणि मंडळीला चार पैसे मिळतात. नावे वाचणे मात्र बंद करावे, निदान अशा वर्षी तरी.

याच सणाला लेवीय 19:9-10 वाचण्याची सूचनाही पंचांना करा. शेताचा कोपरान्‌कोपरा कापू नये, सरवा (कापणीनंतर शेतात पडलेले धान्य) वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी ठेवावा, असा तो नियम आहे. त्याच नियमाच्या आधाराने दुष्काळात गाव सोडून गेलेल्या आणि पुढे परतलेल्या नामीची सून रूथ बवाजाच्या शेतात गेली आणि दोघी जगल्या. बेथलेहेमात परत आलेली नामी, सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिले, असे वेशीतच बोलून दाखवते, आणि गावातल्या बायका तिला गप्प करत नाहीत. ज्या मंडळीत बागायतदार आणि पीक गेलेले दोघेही आहेत, तिने सणाच्या उत्पन्नातून काही भाग पीक गेलेल्या घरांच्या शाळा-कॉलेजच्या फीसाठी काढून ठेवला, तर तो सण पवित्र शास्त्राला अधिक धरून होईल. हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. ठराव म्हणून पंचांपुढे मांडता येईल अशा बेताने लिहितो आहे.

आता मनात नसताना उपकार मानण्याविषयी. पीक गेल्याबद्दल देवाचे आभार मानावेत असे पवित्र शास्त्र सांगत नाही. योएलाच्या पहिल्या अध्यायात टोळांनी शिवार खाऊन टाकल्यावर शेतकऱ्यांना आणि द्राक्षमळेवाल्यांना आक्रोश करायला सांगितले आहे, आणि याजकांनाही गोणपाट नेसून रात्र काढायला सांगितले आहे. मे 2020 मध्ये मोर्शी-वरुड आणि काटोलकडच्या बागांवर टोळधाड उतरली तेव्हा थाळ्या वाजवत रात्र काढलेल्यांना तो अध्याय नव्याने समजला असेल. तेव्हा उपकारस्तुतीच्या उपासनेत एक विलापाचे स्तोत्र वाचले गेले तर सणाला उणेपणा येत नाही. आभार कशाचे मानायचे ते प्रामाणिकपणे निवडा: झाडे उभी असतील तर झाडांचे, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) आशा असेल तर तिचे, घरातली माणसे धड असतील तर त्यांचे. उरलेल्याबद्दल तक्रार करा, तीही देवाकडेच करा.

विम्यासाठी नुकसानीची सूचना अजून दिली नसेल तर आजच कृषी कार्यालयात चौकशी करा. संत्र्याचा फळपीक विमा हवामानावर आधारलेला असतो, त्याचे नियम सोयाबीन-कापसाच्या विम्याहून वेगळे आहेत, आणि शेजाऱ्याला मिळालेली माहिती तुमच्या बागेला लागू होईलच असे नाही.